शितावरून बातमीची परीक्षा

पावसाळ्यात पंचगंगा चढू लागली की कोल्हापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दोन तऱ्हेचे मजकूर येऊ लागतात. पहिला असतो व्हिडिओ. तांबडे पाणी कुठल्याशा भिंतीवरून कोसळते आहे, मागे कोणी ओरडते आहे आणि खाली ओळ आहे : 'धरणाचे सगळे दरवाजे उघडले, लगेच सगळ्यांना कळवा.' दुसरा अगदी कोरडा : राजाराम बंधारा, सकाळी सात, अडतीस फूट चार इंच. सोबत पाण्यात बुडालेल्या मोजपट्टीचा फोटो. पहिला मजकूर अर्ध्या तासात तीन ग्रुप हिंडून पुन्हा आपल्याकडे येतो. दुसऱ्याला फार तर अंगठ्याचे एखादे चित्र मिळते. पहिल्याबद्दल कोणी धीर करून विचारलेच, 'खरं आहे का हे?', तर उत्तर ठरलेले : 'मामांनी टाकलंय, म्हणजे असणारच.'

मामा धरणावर गेलेले नसतात. तो व्हिडिओ कोणत्या धरणाचा, कोणत्या वर्षीचा, हेही त्यांना ठाऊक नसते. तरीही मामांचा भरवसा व्हिडिओच्या खात्यात जमा होतो. बंधाऱ्यावर छत्री सावरत उभे राहून पट्टीवरचा आकडा टिपणाऱ्या माणसाला मात्र कोणी ओळखत नाही. वास्तविक नागरिक पत्रकारिता त्याची आहे.

पत्रकारितेची नोकरी न करणारा माणूस जागेवर जे पाहतो ते टिपतो आणि लोकांसमोर मांडतो, ही नागरिक पत्रकारितेची साधी व्याख्या. मग वाचक त्याच्यावर विश्वास ठेवतो तो कशाच्या आधारावर? या प्रश्नावर सत्तरेक वर्षांचे संशोधन आहे. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी ते सुरू झाले आणि त्यातली सर्वांत जुनी गोष्ट आजही सर्वांत उपयोगाची आहे.

जुना तराजू

१९५१ मध्ये येल विद्यापीठातल्या कार्ल हॉवलँड आणि वॉल्टर वाइस यांनी विद्यार्थ्यांना काही लेख वाचायला दिले. मजकूर तोच, फक्त सांगणारा बदललेला. अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी शक्य आहे का, हा लेख काहींना अणुशास्त्रज्ञ ओपेनहायमर यांच्या नावाने मिळाला, तर काहींना सोव्हिएत वृत्तपत्र 'प्रावदा'च्या नावाने. शीतयुद्धाच्या अमेरिकेत जे व्हायचे तेच झाले. ओपेनहायमर यांचे म्हणणे अधिक जणांना पटले. पण चार आठवड्यांनी पुन्हा विचारले तेव्हा दोन गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला होता. मजकूर डोक्यात राहिला होता आणि तो कोणी सांगितला हे त्याच्यापासून सुटे झाले होते.

हॉवलँड यांनी पुढे सहकाऱ्यांसोबत विश्वासार्हतेचे दोन पाय सांगितले : सांगणाऱ्याला त्या विषयातले कळते का, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो आहे का. १९८०च्या दशकात वृत्तपत्रांसाठी याच्या मोजपट्ट्या तयार झाल्या. फिलिप मेयर यांची १९८८ची पट्टी पाच प्रश्नांची होती : वृत्तपत्र न्याय्य आहे का, पक्षपात करते का, पूर्ण गोष्ट सांगते का, अचूक असते का, त्यावर भरवसा ठेवता येतो का.

हा तराजू छापील जगासाठी ठीक होता. एका बाजूला वृत्तपत्र, दुसऱ्या बाजूला वाचक. नाव ठरलेले, पत्ता ठरलेला, चूक झाली तर खुलासा छापायची जागाही ठरलेली. नागरिक पत्रकारितेत तराजूचे पारडेच हलते. बंधाऱ्यावरच्या माणसाकडे पदवी नाही, म्हणजे पहिला पाय लंगडा. तो तिथे होता, हीच त्याची लायकी. ती जुन्या पट्टीत कुठेच मोजली जात नाही.

शिताचा आडाखा

वेबवर लोक विश्वासार्हता कशी जोखतात हे पाहण्यासाठी स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांच्या गटाने २००२ मध्ये २,६८४ लोकांना प्रत्येकी दोन संकेतस्थळांची तुलना करायला सांगितली. लोकांनी दिलेल्या शेऱ्यांपैकी ४६.१ टक्के शेरे स्थळाच्या दिसण्याबद्दल होते : मांडणी, अक्षरे, रंग. लिहिणारा कोण, माहिती कुठून आली, याला नंबर नंतर. फॉग यांचे स्पष्टीकरण सरळ आहे. जे नजरेत भरते त्याचाच माणूस अर्थ लावतो. जे नजरेत येत नाही त्याचा न्यायनिवाड्याशी संबंधच राहत नाही.

२०१० मध्ये मिरियम मेट्झगर, अँड्र्यू फ्लॅनॅगिन आणि रायन मेडर्स यांनी गटचर्चांमधून हे अधिक बारकाईने पाहिले. त्यांना आढळले की ऑनलाइन वाचक मजकूर तपासत बसत नाहीत, काही ठरलेले आडाखे वापरतात. आपल्या भाषेत या आडाख्यांना कधीपासून नावे आहेत.

नाव ऐकलेले असले की बरे वाटते, हा पहिला. खूप जण म्हणतात ते खरे असणार, हा दुसरा. आपण त्याला 'पाचामुखी परमेश्वर' म्हणतो. फरक इतकाच की ही म्हण जन्मली तेव्हा ते पाच जण वेगवेगळे असत. आज एकच मजकूर पाच ग्रुपांतून आला तर पाच मुखे एकाच गळ्याची असतात. तिसरा आडाखा : दोन-तीन ठिकाणी तेच दिसले की पुरे. चौथा सर्वांत जुना, आपल्या मताशी जुळते ते खरे. पाचवा : अपेक्षेप्रमाणे नसले, शुद्धलेखन गचाळ असले, नको तेवढी वैयक्तिक माहिती मागितली, की शंका घ्यावी. सहावा : यामागे काही विकायचे आहे असे वाटले की हात आखडता घ्यावा.

याला सातवा जोडावा लागेल. एस. श्याम सुंदर यांनी २००८ मध्ये मांडले की माध्यमाचा प्रकारही वाचकाच्या मनात आडाखे जागे करतो. चित्र शब्दापेक्षा खरे वाटते, कारण ते जगासारखे दिसते. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण काकण हातात असते, व्हिडिओ हातात नसतो, फक्त फोन असतो.

हे आडाखे मूर्खपणाचे नाहीत, हे आधी मान्य करायला हवे. शितावरून भाताची परीक्षा करणारी बाई हुशार असते, कारण एका पातेल्यातले तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात. वाचकाची चूक वेगळी आहे. ज्याच्या हातून मजकूर येतो तो एका पातेल्यातला आणि ज्याने टिपला तो भलत्याच चुलीवरचा. मामांच्या शितावरून तो अनोळखी माणसाचा भात जोखतो.

आवडीचीही भर पडते. टॉमस जॉन्सन आणि बार्बरा केय यांनी २००४ मध्ये ब्लॉग वाचणाऱ्यांची ऑनलाइन पाहणी प्रसिद्ध केली, तीत त्या वाचकांनी ब्लॉगना रुळलेल्या माध्यमांपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरवले. त्या विश्वासाचा सर्वांत पक्का अंदाज कशावरून बांधता येत होता? वाचक ब्लॉगवर किती विसंबतो, यावरून. आधी सवय की आधी विश्वास, हे अशा पाहणीतून सांगता येत नाही. दोन्ही हातात हात घालून येतात एवढे मात्र दिसते.

खऱ्याचे आणि खोट्याचे दाखले

सिद्धांत एकीकडे, पण नागरिक पत्रकारितेवरचा विश्वास घडला आणि मोडला तो काही ठळक प्रसंगांत.

२२ फेब्रुवारी २००० रोजी सोलमध्ये ओ योन-हो यांनी 'ओमायन्यूज' सुरू केले ते ७२७ नागरिक वार्ताहरांच्या बळावर. 'प्रत्येक नागरिक वार्ताहर आहे' हे त्यांचे ब्रीद. पण दार सताड उघडे नव्हते. वार्ताहराला खरे नाव द्यावे लागे आणि कार्यालयातले संपादक मजकूर तपासत. वाचक विश्वास ठेवत होता तो नागरिकावर, पण त्या नागरिकाच्या मागे कोणीतरी उभे होते.

डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर मुंबईतल्या काही ब्लॉगलेखकांनी मदत, बेपत्ता माणसे आणि देणग्यांची माहिती एकत्र करणारा ब्लॉग उभा केला. पुढच्याच वर्षी, ७ जुलै २००५ला लंडनच्या भुयारी रेल्वेत स्फोट झाले, तेव्हा पहिल्या सहा तासांत बीबीसीकडे प्रवाशांचे हजाराहून अधिक फोटो आले. धुराने भरलेल्या बोगद्यातून चालणाऱ्या लोकांचा फोनवरचा अंधूक फोटो जगभर छापला गेला. फोटो वाईट होता आणि म्हणूनच खरा वाटला. तेव्हापासून हलणारा कॅमेरा आणि अर्धवट आवाज ही प्रामाणिकपणाची खूण होऊन बसली. खोटे पसरवणाऱ्यांनीही ती लवकरच आत्मसात केली.

२६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यात दोन्ही बाजू एकाच प्रसंगात दिसल्या. कुलाब्यातून लोकांनी टाकलेले फोटो आणि ट्विट वृत्तवाहिन्यांच्या बरोबरीने, कधी त्यांच्या आधी, पोहोचले. त्याच वेळी 'भारत सरकारने मुंबईतून ट्विट करणे थांबवायला सांगितले आहे' अशी ओळ फिरू लागली. बीबीसीच्या थेट वृत्तांकनाच्या पानावरही ती आली. तिला कुठूनही दुजोरा मिळाला नाही आणि ती घ्यायला नको होती, अशा सुराची कबुली नंतर तिथल्या संपादकाने जाहीरपणे दिली. आडाखा वाचकाचाच नव्हता, संपादकाचाही तोच होता : खूप जण म्हणत आहेत.

सर्वांत बोलका दाखला २०११चा. सीरियात उठाव सुरू असताना दमास्कसमधल्या एका समलिंगी तरुणीचा इंग्रजी ब्लॉग जगभर वाचला जाऊ लागला. भाषा जिवंत, तपशील घरगुती, धाडस डोळ्यांत भरणारे. जूनमध्ये तिला हत्यारबंद लोकांनी उचलून नेल्याचे ब्लॉगवर आले आणि तिच्या सुटकेसाठी मोहीम उभी राहिली. मग काही पत्रकारांनी एक बाळबोध प्रश्न विचारला : तिला प्रत्यक्ष भेटलेले कोणी आहे का? कोणीच नव्हते. फोनवर बोललेलेही कोणी सापडेना. तिचे म्हणून दिलेले फोटो लंडनमधल्या भलत्याच स्त्रीचे निघाले आणि आठवडाभरात लेखकही सापडला : स्कॉटलंडमध्ये शिकणारा चाळिशीचा एक अमेरिकन पुरुष.

वाचकांनी वर सांगितलेला प्रत्येक आडाखा इथे वापरला होता. शैली अस्सल वाटली, मोठ्या माध्यमांनी दखल घेतली, आपल्याला जे वाटत होते त्याच्याशी जुळले. ब्लॉग कितीही वेळा वाचला असता तरी लबाडी सापडली नसती. ती सापडली ब्लॉगच्या बाहेर.

टोपणनाव मात्र गुन्हेगार नव्हे. १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे येऊ लागली. तीच पुढे शतपत्रे म्हणून ओळखली गेली. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. वाचकासमोर लेखकाचे नाव नव्हते, पण साप्ताहिकाचे होते, आणि संपादक भाऊ महाजनांकडे जाऊन जाब विचारता येत होता. लेखक झाकलेला असला तरी जबाबदारी उघडी होती. सीरियाच्या ब्लॉगवर नाव, चेहरा, पत्ता सगळे दिसत होते. जबाब द्यायला मात्र कोणी नव्हते.

फॉरवर्डचा कारखाना

हॉवलँडच्या प्रयोगात मजकूर आणि सांगणारा यांची ताटातूट व्हायला चार आठवडे लागले होते. फॉरवर्डच्या बटणाने ते काम एका क्षणावर आणले. मूळ कोणी टिपले हे पहिल्याच उडीत गळते, आणि प्रत्येक उडीला मजकुरावर नव्या ओळखीच्या माणसाचे नाव चढते.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात काही दिवस येत होते. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. त्या वर्षी देशात अशा घटना एकामागून एक घडत होत्या. मोटारसायकलवरून मूल उचलण्याचा जो व्हिडिओ तेव्हा अनेक राज्यांत फिरत होता, तो कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेसाठी तयार केलेला होता. मूळ चित्रफितीत शेवटी मूल परत दिले जाते आणि पालकांना सावध करणारा फलक दिसतो. फिरणाऱ्या फितीतून नेमका तो शेवट कापलेला होता.

राईनपाड्यात पडताळणीसाठी कुठे जायची गरज नव्हती. ज्यांच्याबद्दल शंका होती ती माणसे समोर होती, बोलत होती. पडद्यावरून आलेल्या गोष्टीने समोरच्या माणसाला हरवले.

किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी भारतातल्या राजकीय व्हॉट्सअॅप ग्रुपांमधल्या चित्रांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे १३ टक्के चित्रे दिशाभूल करणारी होती. त्यांचे मुख्य प्रकार तीन : जुने चित्र नव्या मथळ्याखाली, फेरफार केलेले चित्र, आणि खोटे आकडे किंवा खोटे उद्गार लिहिलेली साधी पाटी. यातल्या पहिल्या प्रकाराला काहीच कौशल्य लागत नाही. चित्र खरेच असते, खोटी असते ती तारीख आणि ते गाव.

२०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली, आणि असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. वेग कमी झाला. पण मूळ टिपणारा कोण, याचे उत्तर त्या खुणेत नाही. शिवाय खुणांचा एक उलटा परिणामही आहे. २०२० मध्ये गॉर्डन पेनीकूक, डेव्हिड रँड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की काही खोट्या बातम्यांवर इशारा लावला की ज्यांवर तो नाही त्या बातम्या लोकांना अधिक खऱ्या वाटू लागतात. शिक्का नाही, म्हणजे तपासून सोडली असणार!

औषध कोणते?

'लोकांना साक्षर करा' हे पहिले उत्तर. पुरावा मात्र संमिश्र आहे. अँड्र्यू गेस आणि सहकाऱ्यांच्या २०२० मधल्या अभ्यासात खोटी बातमी ओळखण्याच्या छोट्या सूचना वाचल्यावर खऱ्या-खोट्यातला फरक ओळखण्याची क्षमता अमेरिकेत २६.५ टक्क्यांनी आणि भारतातल्या सुशिक्षित ऑनलाइन गटात १७.५ टक्क्यांनी वाढली. उत्तर भारतातल्या ग्रामीण गटावर परिणाम दिसला नाही. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९च्या निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये सव्वाबाराशे लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर शिकवणी घेऊनही एकंदर फरक पडला नाही. उलट एका पक्षाचे समर्थक स्वपक्षाला सोयीच्या खोट्या बातम्यांबाबत आणखी घसरले. नंतर बिहारच्याच ५८३ गावांत साडेतेरा हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांसोबत अनेक आठवडे वर्ग चालवले गेले, तेव्हा मात्र परिणाम दिसला, महिन्यांनंतरही टिकला आणि मुलांकडून पालकांपर्यंतही गेला. तासाभराच्या उपदेशाने मामा बदलत नाहीत. भाचरांना वेळ दिला तर मामांचेही काही होऊ शकते.

शिकवायचे काय, याचे उत्तर सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांच्या २०१७च्या अभ्यासातून मिळते. त्यांनी दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे जोखायला बसवले. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि अनेकदा फसले. तपासनीस पान उघडताच ते सोडून बाहेर पडले. या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात, हे शोधायला त्यांनी दुसऱ्या खिडक्या उघडल्या. पाचदहा मिनिटांत ते खरे उत्तर घेऊन परतले. या पद्धतीला 'आडवे वाचन' म्हणता येईल. उभे वाचणारा विद्वान हरला, आडवा जाणारा जिंकला. दमास्कसचा ब्लॉग उघडा पडला तो याच वाटेने.

दुसरे उत्तर, सरकारने खरे-खोटे ठरवावे. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवणारा तथ्यतपासणी कक्ष स्थापण्याची तरतूद २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत झाली. मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते विरुद्ध पडली आणि सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. नागरिक पत्रकार बहुतेक वेळा ज्या यंत्रणेची तक्रार मांडतो, तिनेच न्यायाधीश व्हावे का, हा यातला साध्या माणसाला कळणारा प्रश्न आहे.

तिसरे उत्तर फारसे चर्चेत नसते. ते वाचकाकडून नव्हे, सांगणाऱ्याकडून येते. २०१० पासून छत्तीसगडमध्ये चाललेला 'सीजीनेट स्वर' पाहा. शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या सेवेत इंटरनेट लागत नाही, वाचता येणेही लागत नाही. साध्या फोनवरून गोंडीत किंवा हिंदीत आपली गोष्ट ध्वनिमुद्रित करायची. बोलणारा आधी आपले नाव सांगतो, गाव आणि तालुका सांगतो, मग तक्रार : हातपंप बंद आहे, मजुरी अडकली आहे. शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबर देतो आणि ऐकणाऱ्यांनी तिथे फोन करावा अशी विनंती करतो. प्रसारणाआधी संपादक संदेश तपासतात. पुढे हातपंप दुरुस्त झाला तर तोच माणूस पुन्हा फोन करून तेही सांगतो.

या दोन मिनिटांच्या संदेशात पदवी नाही, मांडणी नाही, लाइक नाहीत. फॉग यांच्या कसोटीवर तो नापासच होईल. पण त्यातल्या प्रत्येक वाक्याला बाहेर एक दार आहे. गावात जाता येते, हातपंप हलवून पाहता येतो, अधिकाऱ्याला विचारता येते, आणि खोटे निघाले तर बोलणाऱ्याचे नाव पंचक्रोशीत होते.

सत्तर वर्षांचे संशोधन एका ओळीत सांगायचे तर वाचक बातमी जोखत नाही, ती आणणारा जोखतो; आणि आता आणणारा व सांगणारा एक राहिलेले नाहीत. म्हणून 'हे विश्वासार्ह वाटते का?' हा प्रश्नच बदलायला हवा. वाटणे कमावता येते, विकत घेता येते, आता यंत्राकडून हुबेहूब घडवूनही घेता येते. तशात खरा व्हिडिओसुद्धा 'बनावट आहे' म्हणून झटकण्याची सोय लबाडांना मिळाली आहे. विचारायचे ते असे : हे तपासायचे ठरवले, तर या मजकुराने मला तशी सोय ठेवली आहे का? जागा, वेळ, कोणी पाहिले, कुठे विचारावे?

पंचगंगेकाठच्या त्या दोन मजकुरांना हा प्रश्न विचारून पाहा. धरणाच्या व्हिडिओकडे उत्तर नाही, फक्त 'सगळ्यांना कळवा' ही घाई आहे. 'राजाराम बंधारा, सकाळी सात, अडतीस फूट चार इंच' या ओळीत मात्र बहुतेक उत्तरे आहेत. इशारा पातळी एकोणचाळीस फुटांची, धोक्याची त्रेचाळीसची. पाणी अजून आठ इंच खाली आहे. पटत नसेल तर बंधाऱ्यावर जाऊन पट्टी वाचता येते. ग्रुपवर कोणी विचारलेच, तर पुढे तो फोटो पाठवावा.